ब्रिटिश बारीक कसे होतात? व्हिनेगर, चुंबक, गार तळी आणि सुई

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये वजनाशी संबंधित दोन गोष्टी घडल्या. मौंजारो नावाचं वजन उतरवणारं इंजेक्शन एकदम महागलं. सगळ्यात मोठ्या डोसचं महिनाभराचं पेन कंपनी १२२ पौंडांना देत होती, ते ३३० पौंडांवर गेलं. भाव वाढायच्या आत साठा करून ठेवायला ऑनलाइन फार्मसींवर लोकांची झुंबड उडाली. त्याच महिन्यात बीएमजे या नामांकित वैद्यकीय प्रकाशनसमूहाने आपलाच एक शोधनिबंध मागे घेतला. रोज थोडं ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यातून घेतलं तर १२ आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन उतरतं, असा निष्कर्ष त्यात लेबनॉनमधल्या १२० तरुणांवरच्या प्रयोगातून काढला होता. २०२४ मध्ये तो छापून आला तेव्हा जगभरच्या पेपरांनी त्याच्या बातम्या केल्या. नंतर तज्ज्ञांनी आकडे तपासायला घेतले, तर ते पटण्यासारखे नव्हते आणि पुन्हा गणित केल्यावर तेच निकाल येईनात. व्हिनेगरचा फॉरवर्ड अजून फिरतोच आहे. निबंध मागे घेतल्याचा फॉरवर्ड मात्र कुणाकडून आलेला मी तरी पाहिलेला नाही.

व्हिनेगरचं हे वेड ब्रिटनला नवीन नाही. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर बेरी ब्रदर्स हे वाइनचं जुनं दुकान आहे. तिथे कॉफीची पोती तोलायचा भलामोठा काटा आहे आणि अठराव्या शतकापासून बडी गिऱ्हाइकं हौसेने त्यावर बसून आपलं वजन वहीत लिहवून घेत आली आहेत. त्या वह्यांत कवी लॉर्ड बायरनच्याही नोंदी सापडतात. १८०६ मध्ये १३ स्टोन १२ पौंड, म्हणजे ८८ किलो. १८११ मध्ये ९ स्टोनच्याही आत, म्हणजे ५७ किलोपेक्षा कमी. (स्टोन हे तिथलं माप: १४ पौंड, म्हणजे ६.३५ किलो. साखर किलोत घेणारा ब्रिटिश माणूस स्वतःचं वजन अजून स्टोनमध्येच सांगतो.) बायरन व्हिनेगर ओतून कुस्करलेले बटाटे खाई आणि दिवसेंदिवस अर्धपोटी राही. शिवाय अंगावर सात वेस्टकोट आणि वर ओव्हरकोट चढवून, घामाने निथळून थकेपर्यंत तो क्रिकेट खेळे. हे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलं आहे.

बायरनपासून मौंजारोपर्यंत दोनशे वर्षांत या देशाने बारीक होण्यासाठी जे जे केलं, त्याची नुसती यादी दिली तरी वाचणाऱ्याची करमणूक होईल. पण ती करताना एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक तऱ्हा चारपैकी एका ठिकाणी हात घालते: काट्यावर, ताटावर, शरीराच्या खर्चावर किंवा भुकेवर. हात नेमका कुठे घातला आहे ते ओळखता आलं, की ती पद्धत कितपत टिकेल याचा अंदाज डॉक्टर नसलेल्या माणसालाही करता येतो.

पण काटा तर खाली आला ना?

आला असणारच. प्रश्न एवढाच, की शरीरातून गेलं काय.

आपलं शरीर हातखर्चासाठी थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत तीनएक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. जेवण तोडलं की हा साठा दोन-तीन दिवसांत बराचसा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो तिथेच गेले. आतड्यांतलं अन्न कमी झालं, त्याचं वजन वेगळं.

आता चरबीचा हिशेब पाहू. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी आणि शरीर खर्च करतं ती ऊर्जा मोजायचं माप. ज्याला दिवसाला २,००० कॅलरी लागतात, तो माणूस तीन दिवस कडकडीत उपाशी राहिला तरी खर्च होणार ६,००० कॅलरी. त्या सगळ्या चरबीतूनच गेल्या असं धरलं, तरी चरबी पाऊण किलोच्या आसपास उतरेल. तेव्हा ‘तीन दिवसांत तीन किलो’ म्हणणारा ज्यूस क्लेन्स, म्हणजे नुसत्या रसांवर राहायचा बेत, खोटं बोलत नसतो. तीन किलो खरोखर गेलेले असतात, पण त्यातले दोनहून अधिक पहिल्या पोटभर जेवणाबरोबर परत यायला निघालेले असतात. बायरनचे सात वेस्टकोट हेच काम करत होते.

नाताळाच्या खाण्यानंतर जानेवारीत तिथे खपणारे ‘डिटॉक्स’ चहा याच जातीचे. त्यांतल्या बऱ्याच चहांत सेन्ना असतो, म्हणजे आपली सोनामुखी. सोनामुखीने मोठं आतडं रिकामं होतं, पण अन्नातल्या कॅलरी तोवर लहान आतड्यातच शोषून झालेल्या असतात. पोट हलकं वाटतं आणि चरबी असते तिथेच राहते. आजीने हाच काढा पुढे केला तर नाक मुरडणारी मंडळी फुलांच्या चित्रांचं पाकीट पाहून त्याला वीस पौंडही मोजतील. टीव्हीवरचे तारे-तारका सोशल मीडियावर असली चहा-गोळ्यांची जाहिरात करतात, ती बंद करा, असं २०१९ मध्ये एनएचएसचे तेव्हाचे वैद्यकीय संचालक स्टीफन पोविस यांना जाहीरपणे सांगावं लागलं. (एनएचएस म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा.) हा तंटा शंभर वर्षांहून जुना आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये बाजारातल्या गुप्त औषधांचं रासायनिक पृथक्करण करून घटक आणि किंमत छापून टाकली होती. त्यात अँटिपॉन नावाचं स्थूलपणावरचं महागडं औषध मुख्यतः लिंबात असतं ते सायट्रिक ॲसिड, लाल रंग आणि पाणी निघालं.

ताटातली काटछाट

ताटावर हात घालणाऱ्यांत पहिला मान विल्यम बॅन्टिंग यांचा. हे गृहस्थ लंडनमधले अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक. बडे लोक गिऱ्हाईक; राजघराण्याचीही कामं त्यांच्या पेढीकडे. ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांची उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे ९१ किलोंहून जास्त. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती, गुडघे दुखत म्हणून जिना उलटं तोंड करून उतरावा लागे. त्याआधी कुणी सांगितलं म्हणून त्यांनी पहाटे उठून नदीत होडी वल्हवली. अंगात ताकद आली आणि भूक इतकी वाढली, की वजन वर गेलं. तुर्की पद्धतीची बाष्पस्नानं पन्नासएक झाली. काही उपयोग नाही.

शेवटी ऐकू कमी येतं म्हणून ते विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वी नुकतेच पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि साखर यांवरची व्याख्यानं ऐकून आले होते. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. मांस, मासे, भाज्या मात्र चालू. दुपारी रेड वाइनचे दोन-तीन पेले, रात्री झोपताना हवी तर थोडी जिन किंवा ब्रँडी. पथ्य म्हणून हे ऐकायला मजेशीर आहे, पण वर्षभरात बॅन्टिंग ४६ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ २१ किलोंनी उतरले. १८६३ मध्ये त्यांनी जनतेला उद्देशून एक पत्रवजा पुस्तिका छापली. सुरुवातीच्या प्रती फुकट वाटल्या, पुढे ती धडाधड खपली आणि डॉक्टर मंडळी भडकली, कारण एका अंत्यसंस्कारवाल्याने त्यांच्या क्षेत्रात पाय टाकला होता. आज कीटो आणि लो-कार्ब म्हणून जे विकलं जातं, त्याचा आराखडा इथे तयार होता.

वाइनने वजन उतरलं नाही हे उघड आहे. पाव-साखर-बिअर-बटाटे एकदम वजा केले की ताटात जे उरतं त्याने पोट लवकर भरतं आणि एकूण कॅलरी आपोआप कमी होतात. पुढच्या दीडशे वर्षांतल्या बहुतेक ब्रिटिश आहारपद्धती हेच काम वेगवेगळ्या नियमांनी करतात. पत्रकार मायकल मोस्ली यांनी २०१२ च्या बीबीसीवरच्या कार्यक्रमातून ‘५:२’ लोकप्रिय केलं: आठवड्यात पाच दिवस नेहमीचं जेवण आणि दोन दिवस स्त्रियांनी ५००, पुरुषांनी ६०० कॅलरी. आपल्याला वाटतं, एकादशी दुप्पट खाशी होणार. पण मँचेस्टरमधल्या मिशेल हार्वी यांच्या अभ्यासात दोन दिवस कमी खाणाऱ्या बायका उरलेल्या दिवशीही दुप्पट वगैरे खात नव्हत्या. मात्र रोज थोडं कमी खाणाऱ्या गटाचं वजनही सहा महिन्यांत तेवढंच उतरलं. दोन दिवसांच्या उपासात वेगळी जादू नाही. ज्याला रोज मन मारणं जमत नाही, त्याला दोनच दिवस मारणं सोपं जातं, इतकंच.

स्लिमिंग वर्ल्ड ही तर तिथली संस्थाच आहे. १९६९ मध्ये डर्बीशायरमधल्या आल्फ्रेटनला मार्गारेट माइल्स-ब्रॅमवेल यांनी ती सुरू केली. दर आठवड्याला चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, रांगेत उभं राहून वजन करायचं, मग गोलात बसून कुणाचं किती उतरलं ते ऐकून टाळ्या वाजवायच्या. चॉकलेट, वाइन यांना गुण लावलेले असतात आणि दिवसाचा कोटा ठरलेला. बाहेरून पाहणाऱ्याला हा बालवाडीचा वर्ग वाटेल. मलाही वाटला असता, पण २०११ मध्ये बर्मिंगहॅमच्या परिसरातल्या ७४० जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा खासगी गटांत पाठवलेल्यांचं वजन सरकारी दवाखान्यात वैयक्तिक सल्ला घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं होतं आणि खर्चही कमी आला होता. २०१६ च्या आणखी एका मोठ्या चाचणीत डॉक्टरांनी दुसऱ्याच कामासाठी आलेल्या रुग्णाला फक्त अर्धं मिनिट बोलून अशा गटात नाव घालून दिलं. वर्षाअखेरीस त्या रुग्णांचं वजन सरासरी २.४ किलोंनी कमी होतं. नुसता ‘वजन कमी करा’ असा सल्ला मिळालेल्यांचं एका किलोने.

या विभागातला सगळ्यात अजब नमुना न्यूझीलंडमधला आहे, पण त्यात इंग्लंडमधल्या लीड्सचे संशोधकही होते आणि निबंध ब्रिटिश दंतवैद्यकाच्या नियतकालिकात २०२१ मध्ये आला. वरच्या आणि खालच्या दाढांना चुंबकं बसवायची, तोंड दोन मिलिमीटरपेक्षा जास्त उघडतच नाही, मग पातळ पदार्थांवर राहायचं. सात स्त्रियांवर प्रयोग झाला. दोन आठवड्यांत सरासरी सहा किलोंहून थोडं जास्त वजन उतरलं. बातमी आल्यावर जगभरातून शिव्या पडल्या, त्या योग्यच होत्या. चुंबक काढल्यावर काय, याचं उत्तर त्या यंत्रात नाही.

खर्च वाढवला तर?

खाणं तसंच ठेवून शरीराला जास्त जाळायला लावता आलं तर किती बरं, असं प्रत्येकालाच वाटतं. या वाटेवर माणसं मेलीही आहेत.

१८९१ मध्ये न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी थायरॉइड ग्रंथी काम करत नसलेल्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला आणि ती सुधारली. तो उपचार अस्सल होता. पण त्यात वजनही उतरतं हे दिसल्यावर थोड्याच वर्षांत थायरॉइडचा अर्क ज्यांची ग्रंथी धडधाकट होती अशांच्याही पोटात बारीक होण्याच्या गोळ्यांतून जाऊ लागला. त्याने हृदयाची धडधड वाढते, स्नायू आणि हाडं झिजतात.

डीएनपी हे त्याहून भयंकर. हा पिवळा रासायनिक पदार्थ स्फोटकं आणि रंग बनवताना लागतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार रोड होऊन, घामाघूम होऊन मरत, त्यातून त्याचा गुण कळला. पेशी अन्नातून ऊर्जा काढून ती कामाला जोडते. डीएनपी ही जोडणी सोडवतं. पिठाच्या गिरणीचा पट्टा निसटावा तसं होतं: मोटर पूर्ण वेगाने फिरते, वीज जळते, जातं मात्र जागचं हलत नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. शरीराला काम करायला ऊर्जा कमी पडते म्हणून ते आणखी जाळतं. चरबी जाते हे खरं, पण अंगाचा ताप वाढत जातो, आणि जास्त झालं तर तो उतरवणारा उतारा अस्तित्वात नाही. अमेरिकेने १९३८ मध्येच यावर बंदी आणली. तरी इंटरनेटवरून गोळ्या मागवून ब्रिटनमध्ये तरुण मुलंमुली मरत राहिली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून डीएनपी तिथल्या कायद्यात विष म्हणून नोंदलं गेलं.

गार पाण्याचं वेड याच्या मानाने निरुपद्रवी आणि फार जुनं. अठराव्या शतकात डॉ. रिचर्ड रसेल लोकांना ब्रायटनच्या समुद्रात डुंबायला लावत आणि समुद्राचं पाणी प्यायलाही देत. पुढे त्याच ब्रायटनमध्ये पाटण्याहून गेलेल्या शेख दीन महंमद यांची वाफेची स्नानगृहं इतकी गाजली, की राजाने त्यांना दरबारी मालिशकार नेमलं. १८४९ मध्ये चार्ल्स डार्विन तब्येतीसाठी माल्व्हर्नला जाऊन ओल्या गार चादरी गुंडाळून घेत बसला होता. लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्यात १८६४ पासून नाताळाच्या सकाळी पोहण्याची शर्यत होते. आता हेच ‘वाइल्ड स्विमिंग’ झालंय. डिसेंबरच्या पहाटे हॅम्पस्टेडच्या तळ्यावर गेलात तर पायघोळ झग्यांत कुडकुडत चहा पिणारी पन्नाशीतली मंडळी अत्यंत आनंदात दिसतील.

याने वजन उतरतं का? मानेजवळ, खांद्यांजवळ थोडी तपकिरी चरबी असते, ती थंडीत ऊर्जा जाळून ऊब देते, हे खरं. पण ती थोडीच असते आणि गार पाण्यातून बाहेर आल्यावर भूक सपाटून लागते. बॅन्टिंग यांचं वल्हवणं आठवा. मन प्रसन्न होतं, मैत्रिणी मिळतात, त्यासाठी खुशाल पोहावं. सवय नसताना एकदम उडी मात्र मारू नये. १५ अंशांखालच्या पाण्यात पहिल्याच क्षणी श्वास आपोआप जोरात ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं आणि हृदयावरही एकदम ताण येतो. पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन कित्येक वर्षं हे सांगत आले आहेत.

मग अघोरी वाटतं ते सगळंच खोटं?

नाही, आणि इथेच आपला ‘हे तर वेड’ असा झटपट निकाल फसतो. दिवसभर फक्त पाकिटातली सूप आणि शेक, मिळून ८०० च्या आसपास कॅलरी, तेही तीन ते पाच महिने. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये अशी पाकिटं घरोघरी विकली जात तेव्हा अनेक डॉक्टर त्यांना धोकादायक खूळ म्हणत. मग न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांनी विचार केला: पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच मधुमेह्यांची साखर खाली येते, ती शस्त्रक्रियेमुळे की एकदम कमी झालेल्या खाण्यामुळे? त्यांचं म्हणणं असं, की यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम सुधारतं.

टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी मिळून ३०६ मधुमेह्यांवर चाचणी केली. २०१७ मध्ये निकाल आला. सूप-शेकच्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षाअखेरीस औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्क्यांची. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ झाले, म्हणजे घसरण होते, पण सगळं वाहून जात नाही. आता एनएचएस हा कार्यक्रम स्वतः चालवते. मात्र तो रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी आधी कमी किंवा बंद करून, ठरावीक रुग्णांनाच दिला जातो. गोळ्या तशाच चालू ठेवून घरच्या घरी ८०० कॅलरींवर गेलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

सुई नेमकं काय करते?

जेवल्यावर आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. ते इन्सुलिन वाढवतं, जठरातून अन्न पुढे जायचा वेग कमी करतं आणि मेंदूला ‘पुरे’ असं कळवतं. मेंदूवरचा हा परिणाम उंदरांत दाखवला तो १९९६ मध्ये, लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या स्टीफन ब्लूम यांच्या चमूने. अडचण एकच: नैसर्गिक जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत नष्ट होतं. त्याच्यासारखा, पण टिकणारा पदार्थ १९९२ मध्ये अमेरिकेत जॉन एंग यांना हीला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात सापडला. पुढे प्रयोगशाळेत आठवडाभर टिकणारी औषधं तयार झाली. वेगोवी आणि ओझेम्पिक यांत असतं सेमाग्लुटाइड. मौंजारोतलं टिर्झेपटाइड जोडीला आणखी एका संप्रेरकाचीही नक्कल करतं.

मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २१ टक्के वजन उतरलं. ९० किलोंच्या माणसाचे १३ ते १९ किलो. घेणारे सांगतात, की डोक्यात दिवसभर चालणारी खाण्याची भुणभुण थांबते. ताटावरच्या सगळ्या पद्धती भुकेशी भांडत होत्या. ही औषधं भुकेलाच गप्प करतात. म्हणून मला हा बदल खरा वाटतो.

मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. मौंजारोमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी बायकांना जोडीला दुसरं साधन वापरायला सांगितलं. उतरलेल्या वजनात साधारण २५ ते ४० टक्के वाटा चरबीचा नसून स्नायूंसारख्या भागांचा असतो, तेव्हा प्रथिनं आणि वजनांचा व्यायाम ऐच्छिक राहत नाही.

हा आळशांचा शॉर्टकट नाही का?

हा आक्षेप तिथल्या पेपरांतून रोज येतो आणि आपल्याकडच्या लग्नांतही ऐकू येऊ लागलाय. वजन उतरलं की शरीर ते संकट समजतं. पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं घटतात, भुकेची वाढतात आणि ही ओढ महिनोन् महिने राहते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. पण त्याच न्यायाने ही औषधंही लांबच्या मुदतीची आहेत हे मान्य करावं लागेल. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. लग्नापुरती चार महिने सुई, हा बेत चुंबकाच्याच जातीचा.

‘आमचे आजोबा सुईशिवाय बारीक होते’ हाही मुद्दा असतो. ब्रिटनमध्ये १९४० ते १९५४ रेशनिंग होतं आणि साखर सप्टेंबर १९५३ मध्ये मोकळी झाली. त्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांची २०२४ मध्ये तुलना झाली. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनच्या साखरेवर वाढलेल्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी होता. त्या बाळांनी काही मनोनिग्रह केला नव्हता. दुकानात साखरच मोजून मिळत होती. आज इंग्लंडमध्ये साधारण ६४ टक्के प्रौढांचं वजन प्रमाणाबाहेर आहे.

आणि आपलं काय?

लंडन, लेस्टर किंवा स्लाउमध्ये राहणाऱ्या मराठी माणसासाठी एक आकडा महत्त्वाचा आहे. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे ३० च्या पुढे स्थूल धरतात, पण दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही रेषा २७.५ आहे. जून २०२५ मध्ये एनएचएसने फॅमिली डॉक्टरांमार्फत मौंजारो द्यायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यासाठी बीएमआय ४० आणि ठरलेल्या पाचपैकी चार आजार अशी अट ठेवली, आपल्यासाठी बीएमआय ३७.५. या गाळणीतून थोडेच पार झाले, म्हणून बहुतेक जण खिशातून पैसे भरू लागले.

रेषा वेगळी का, याचा एक पुरावा पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एक लेखक मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं, असं त्यांनीच मिस्कीलपणे लिहिलं होतं. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून इतके निराळे असतील, तर ब्रिटिश शेजारणीला लागू पडलेला हिशेब आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्याला वजनापेक्षा कंबरेचा घेर आणि रक्तातली साखर जास्त सांगते.

मौंजारो मार्च २०२५ पासून आणि वेगोवी जून २०२५ पासून भारतातही आहे. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, म्हणजे त्यानंतर स्वस्त पर्यायांना वाट मोकळी. बाजार वाढला की मागोमाग काय येतं हे ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्दॅम्प्टनला दिसलं. तिथे औषध नियंत्रकांनी छापा घालून बेकायदा पेनं भरण्याचा कारखानाच पकडला. दोन हजारांहून अधिक पेनं तयार होती आणि त्यांतल्या काहींवर रेटाट्रुटाइड या नव्या औषधाचं नाव होतं, ज्याला तेव्हा जगात कुठेच विक्रीची परवानगी नव्हती. लंडनच्या नातेवाइकाकडून, ब्यूटी पार्लरमधून किंवा इन्स्टाग्रामवरून येणारं पेन थंडीत ठेवलं होतं का, त्यात काय भरलंय, हे कुणीच सांगू शकत नाही. ब्रिटनमध्ये फार्मसीचं नाव जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलच्या नोंदवहीत ऑनलाइन शोधता येतं, भारतात ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत, आणि चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी मधुमेह, थायरॉइड आणि स्वादुपिंडाचा इतिहास विचारला नाही, तर डॉक्टर बदलावा.